धक्का कोणाचा? कोकण किनाऱ्यावरील सार्वजनिक धक्क्यांची उभारणी, देखभाल आणि निधीव्यवस्था : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राला परंपरेने सुमारे ७२० कि.मी. मानला गेलेला समुद्रकिनारा लाभला आहे. या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने आरमार, जलदुर्ग, परकीय वखारी आणि मुंबईसारख्या मोठ्या बंदराचा उदय यांकडे गेले आहे. ज्या ठिकाणी सामान्य उतारू होडीतून उतरतो, कोळीण माशांची पाटी चढविते, शेतकरी भाताची पोती उतरवितो, त्या लहानशा धक्क्याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः जलवाहतुकीची सारी साखळी या एका कडीवर अवलंबून असते. होडी उत्तम असली, नावाडी कुशल असला, तरी पायऱ्या निसरड्या झाल्या किंवा धक्क्यापुढे गाळ साचला, की प्रवास तेथेच थांबतो.

धक्का ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वांनाच मान्य असते. तथापि, तो बांधण्यासाठी लागणारा पैसा आणि तो टिकविण्यासाठी लागणारा पैसा हे दोन भिन्न स्वरूपाचे प्रश्न आहेत. पहिला खर्च एकदाच होतो, त्याचे उद्घाटन होते, त्यावर कोनशिला बसते. दुसरा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि तो केल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कोकण किनाऱ्यावरील गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव या भेदाच्या प्रकाशात तपासणे, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सार्वजनिक धक्क्यांच्या उभारणीसाठी वेगवेगळ्या काळात कोणत्या मार्गांनी निधी उपलब्ध झाला, याचा आढावा घेणे.
२. धक्क्यांवर गोळा होणारे शुल्क कोणत्या खात्यात जमा होत होते आणि त्याचा देखभालीवर कोणता परिणाम झाला, याचे विवेचन करणे.
३. या अनुभवाच्या आधारे आजच्या व्यवस्थेतील मूळ अडचण स्पष्ट करणे.

तर, उतार आणि आज्ञापत्रातील विचार

कोकणातील नद्या सह्याद्रीतून निघून थोड्या अंतरात समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखाशी रुंद खाड्या तयार झाल्या आहेत. उत्तर-दक्षिण प्रवास करणाऱ्यास वाटेत एकामागून एक खाडी ओलांडावी लागे. त्यामुळे ‘तर’ ही येथील जीवनाची नित्याची गरज होती. ‘उतार’, ‘उतारू’, ‘तरी’ हे शब्द याच व्यवहारातून रूढ झाले. बहुतेक ठिकाणी बांधीव धक्का नव्हता. नैसर्गिक उताराची, कातळाची किंवा घट्ट वाळूची जागा पाहून होडी लावली जाई. जागेची निगा राखणे आणि होडी चालविणे ही कामे एकाच नावाड्याकडे असत. त्याचा मोबदला कोठे रोख, तर कोठे वर्षअखेर धान्यरूपाने दिला जाई. वापर करणारे गाव, सेवा देणारा नावाडी आणि मोबदला यांचा संबंध प्रत्यक्ष व डोळ्यांसमोरचा होता.

बंदराच्या उत्पन्नाविषयी अधिक व्यापक विचार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळतो. त्यातील आरमारविषयक प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आरमाराचा खर्च मुलखातील निश्चित उत्पन्नातून चालवावा, तो बंदराच्या उत्पन्नावर नेमून देऊ नये, असे अमात्यांचे मत होते. बंदराच्या पैशावर आरमाराचा निर्वाह ठेवल्यास वसुलीसाठी सावकारांना उपद्रव होईल आणि परिणामी बंदरेच उजाड होतील, ही भीती त्यामागे होती. जो पैसा वसूल करतो त्याचाच निर्वाह त्या पैशावर असेल, तर वसुलीला मर्यादा राहत नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पुढील विवेचनात या इशाऱ्याकडे परत यावे लागेल.

देणगी आणि खासगी उपक्रम

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचा व्यापार झपाट्याने वाढला. परंतु धक्के बांधण्यासाठी कंपनी सरकार सहजासहजी पैसा देत नव्हते. ही उणीव दोन मार्गांनी भरून निघाली.

पहिला मार्ग खासगी उपक्रमाचा होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य उर्फ भाऊ अजिंक्य यांनी १८३० ते १८४० च्या दशकांत शहरातील केरकचऱ्याचा भराव घालून समुद्र हटविला आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर धक्का उभारला. ‘भाऊचा धक्का’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. आजचा भाऊचा धक्का मात्र मूळ जागेवर नाही. नंतरच्या भरावांमुळे किनारा पूर्वेकडे सरकला आणि नाव नव्या जागी गेले. खासगी व्यक्तीने पैसा घालावा आणि उत्पन्नातून तो भरून काढावा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

दुसरा मार्ग देणगीचा होता. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात तेथे अपघात होत. सरकार खर्च करण्यास तयार नसताना सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांची देणगी दिली आणि १८४५ साली माहीमचा बांधरस्ता खुला झाला. या मार्गाच्या वापरासाठी पथकर घेऊ नये, अशी देणगीदाराची अट होती. ही अट लोककल्याणकारी होती, यात शंका नाही. परंतु तिचा एक अर्थ असाही होतो, की त्या मार्गाच्या भावी देखभालीचा भार वापरणाऱ्यांवर न पडता कायमचा सरकारी तिजोरीवर पडला.

खासगी उपक्रमात देखभाल नफ्याशी जोडलेली असते, तर देणगीत ती दुसऱ्याच्या सद्भावनेवर सोडलेली असते. बांधकामाचा प्रश्न या दोन्ही मार्गांनी सुटला. देखभालीचा प्रश्न पुढच्या पिढीकडे गेला.

कंपनी ते विश्वस्त मंडळ : मुंबई बंदर

खासगी मार्गाची मर्यादा १८५८ साली स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी १०० एकर जमीन भरावाने तयार करून देण्याचे पत्करले आणि त्या बदल्यात स्वतःसाठी भराव करण्याचे हक्क मिळविले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावामुळे मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली तो ओसरला आणि अनेक भराव कंपन्या कोसळल्या. दरम्यान, मुंबईचा मोक्याचा किनारा एका खासगी कंपनीच्या हातात गेल्यास साऱ्या व्यापाराला तिच्या दरांपुढे मान तुकवावी लागेल, ही चिंता सरकारी वर्तुळात बळावली होती. १८७० च्या सुमारास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. कर्नल जे. ए. बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष होते.

पोर्ट ट्रस्टचे महत्त्व केवळ प्रशासकीय नव्हते. बंदरावर गोळा होणारे शुल्क बंदराच्याच कामासाठी वापरले जावे, त्यातून भागधारकांना नफा वाटला जाऊ नये आणि ते सरकारच्या सामान्य महसुलातही मिसळले जाऊ नये, अशी ही रचना होती. १८७५ साली खासगी भांडवलातून बांधली गेलेली ससून गोदी ट्रस्टने १८७९ मध्ये विकत घेतली. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. निश्चित उत्पन्न असल्यामुळे ट्रस्टला कर्ज काढता आले आणि ते फेडताही आले. येथे वसुली, खर्च आणि जबाबदारी एकाच ठिकाणी होती. हिशेब तपासला जात होता आणि शुल्क भरणाऱ्या व्यापारी वर्गालाही कारभारात स्थान होते. आज्ञापत्रातील इशाऱ्याला मिळालेले हे एक प्रकारचे संस्थात्मक उत्तर म्हणता येईल.

परंतु याच शहरात उलट उदाहरणही आहे. अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९११ साली झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २१ लाख रुपये खर्चून ही भव्य वास्तू उभी राहिली; पण तिच्याकडे सरळ येणारा नियोजित रस्ता निधीअभावी कधीच झाला नाही. वास्तू आणि तिच्याकडे जाणारा रस्ता यांच्यातील कोन आजही या अपुरेपणाची साक्ष देतो. कमानीसाठी पैसा मिळाला, वाटेसाठी मिळाला नाही.

लहान बंदरे : एक धक्का, तीन खाती

मुंबईबाहेरील लहान बंदरांना असे विश्वस्त मंडळ लाभले नाही. तेथील धक्क्यांशी संबंधित पैसा तीन वेगवेगळ्या वाटांनी जात होता.

पहिली वाट तरीच्या उत्पन्नाची होती. १८६८ च्या मुंबई कायद्याने सार्वजनिक तरींचे नियमन केले. तर लिलावाने मक्त्यास देण्याची पद्धत रूढ झाली. हे उत्पन्न स्थानिक निधीत जमा होई. १८८० च्या दशकातील जिल्हा गॅझेटियरांवरून या निधीची रचना समजते. जमीनमहसुलावरील रुपयास एक आणा उपकर हा त्याचा मुख्य आधार होता. या उपकराचे दोन तृतीयांश रस्त्यांसाठी, तर उरलेला भाग शाळांसाठी राखलेला असे. पथकर, तर, कोंडवाडा, मुसाफरखाने आणि शाळेची फी ही दुय्यम खाती त्याला जोडलेली होती. म्हणजे खाडी ओलांडताना उतारूने दिलेला पैसा जिल्ह्याच्या सामायिक निधीत जाई. तो कोठे खर्च व्हावा, हे त्या धक्क्याच्या अवस्थेवर अवलंबून नव्हते. दुसरीकडे, मक्तेदाराचा हक्क मुदतीपुरता असल्यामुळे पुढील लिलाव आपल्यालाच मिळेल याची त्याला शाश्वती नसे. अशा स्थितीत पायऱ्या दुरुस्त करण्यात त्याने आपला पैसा का गुंतवावा, हा प्रश्न स्वाभाविक होता.

दुसरी वाट धक्का-शुल्काची होती. १८८२ च्या मुंबई कायद्याने लहान बंदरांवर माल चढविण्या-उतरविण्यासाठी शुल्क आकारण्यास आधार दिला. तिसरी वाट बंदर-शुल्काची होती. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याच्या कलम ३६ नुसार प्रत्येक बंदराचे स्वतंत्र बंदर निधी खाते ठेवणे आवश्यक होते. त्या बंदरावर जमा झालेला पैसा त्या खात्यात आणि त्या बंदराचा खर्च त्याच खात्यातून, असे तत्त्व त्यात होते. मात्र लगेचच पुढील कलम ३७ ने सरकारला अनेक बंदरांचा एक गट करून त्यांचे एकच सामायिक खाते ठेवण्याची मुभा दिली. गरीब बंदराला श्रीमंत बंदराचा आधार मिळावा, हा या तरतुदीचा एक समर्थनीय अर्थ होता. पण त्यामुळे एखाद्या बंदरावर दिलेला पैसा आणि त्या बंदराची दुरुस्ती यांचा थेट संबंध सैल झाला. शिवाय मासेमारी नौका बंदर-शुल्कातून वगळलेल्या होत्या. गरीब मच्छीमारांच्या दृष्टीने ही सवलत योग्यच होती. परंतु ज्या धक्क्यावर प्रामुख्याने मासेमारी नौकाच लागतात, त्या धक्क्याला या खात्यात स्वतःचे असे उत्पन्नच राहिले नाही.

या रचनेत निसर्गाचाही वाटा विचारात घ्यावा लागतो. कोकणातील खाड्यांत डोंगरउतारावरून वाहून आलेला गाळ साचतो. एके काळी मोठी गलबते जेथपर्यंत येत, त्या राजापूरच्या बंदराची गाळामुळे झालेली अवनती १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही नोंदविलेली आहे. पावसाळ्यात उघड्या समुद्रातील प्रवासी वाहतूक बंद राहते. त्यामुळे धक्क्याचे उत्पन्न सुमारे आठ-नऊ महिन्यांचे, तर झीज बारा महिन्यांची असते. आणि सर्वाधिक झीज नेमकी उत्पन्न थांबलेल्या काळात होते. पावसाळ्यानंतर दुरुस्ती आणि गाळ काढणे ही कामे हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावी लागतात. वार्षिक मंजुरीची वाट पाहणारी व्यवस्था या निसर्गचक्राशी जुळत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : जबाबदारीची विभागणी

राज्यघटनेने हा गुंता वेगळ्या रीतीने पुढे चालू ठेवला. सातव्या अनुसूचीत मोठी बंदरे केंद्र सूचीत, इतर बंदरे समवर्ती सूचीत आणि तरी राज्य सूचीत आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल यांच्यासोबत तरी आणि जलमार्ग हे विषय पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत आले. त्यामुळे एकाच धक्क्याकडे बंदर म्हणून, तर म्हणून आणि गावाची सोय म्हणून पाहता येते आणि प्रत्येक दृष्टीने त्याचा धनी वेगळा ठरतो.

महाराष्ट्र सागरी मंडळ कायदा १९९६ साली झाला आणि राज्यातील ४८ लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आला. स्वतंत्र मंडळाची स्थापना हे योग्य दिशेने पडलेले पाऊल होते. मात्र याच काळात प्रवासी जलवाहतुकीचा पाया आक्रसत होता. खाड्यांवर पूल झाले, मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी इतिहासजमा झाल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. उतारू कमी झाले, की शुल्क कमी होते; शुल्क कमी झाले, की दुरुस्ती लांबते; आणि दुरुस्ती लांबली, की उरलेले उतारूही रस्त्याकडे वळतात.

हे चक्र उलट फिरू शकते, याचेही पुरावे आहेत. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाहने वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. अशा बोटीचा पुढचा दरवाजा उतरत्या रॅम्पवर टेकतो आणि वाहने थेट चढतात-उतरतात. येथे उंच धक्क्याऐवजी, भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळी उपयोगी पडेल असा रॅम्प लागतो. त्याचे पाण्याखालील टोक गाळमुक्त आणि शाबूत नसेल, तर सेवाच बंद पडते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवाही सुरू झाली. धक्क्याची अवस्था आणि सेवेचे उत्पन्न यांचा संबंध जेथे दररोज जाणवतो, तेथे देखभालीची निकड कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

याउलट, जेथे पर्याय नाही तेथील स्थिती विचार करायला लावणारी आहे. घारापुरी बेटावरील रहिवाशांना रुग्णालय, महाविद्यालय, बाजार या सर्वांसाठी पाणी ओलांडावेच लागते. तेथील लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि पर्यटकांकडून ग्रामपंचायत कर घेते. पर्यटकाच्या दृष्टीने धक्का ही सहलीतील एक पायरी आहे. बेटावरील रुग्णाच्या दृष्टीने तोच धक्का जीवनमार्ग आहे. केवळ उतारूंच्या संख्येवर निधी ठरविला, तर पर्यटक नसलेल्या बेटावरील किंवा खाडीपलीकडील वस्तीचा धक्का नेहमीच यादीच्या शेवटी राहील.

तुलनेसाठी एक उदाहरण

याच प्रश्नाला अमेरिकेत दिलेले उत्तर तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कराचे उत्पन्न मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवले. १९८४ च्या वॉलप-ब्रो दुरुस्तीने या निधीत मोटारबोटींच्या इंधनावरील कराची भर घातली आणि राज्यांना मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा बोटी पाण्यात उतरविण्याचे सार्वजनिक रॅम्प व तत्सम सोयींवर खर्च करणे बंधनकारक केले. प्रारंभी १० टक्के असलेला हा हिस्सा १९९२ मध्ये साडेबारा आणि १९९८ मध्ये १५ टक्के झाला. खर्चाचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग संघराज्याच्या निधीतून येतो आणि उरलेला राज्याला उभारावा लागतो. तेथील बोटी बहुतांशी करमणुकीच्या आहेत आणि आपल्याकडील निर्वाहाच्या, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. मच्छीमाराच्या इंधनावर नवा भार टाकावा, असा याचा अर्थ नाही. घेण्यासारखे तत्त्व एवढेच, की वापरातून आलेल्या पैशाचा किमान हिस्सा कायद्यानेच बांधून ठेवता येतो आणि तो वार्षिक मर्जीवर सोडावा लागत नाही.

निष्कर्ष

१. कोकण किनाऱ्यावर धक्के बांधण्यासाठी पैसा कधी उद्योजकाने, कधी देणगीदाराने, तर कधी सरकारने दिला. बांधकामासाठी दाता मिळतो. देखभालीसाठी तो सहसा मिळत नाही.

२. मुंबई बंदराची प्रगती केवळ व्यापाराच्या प्रमाणामुळे झाली, असे म्हणणे अपुरे आहे. बंदराचे शुल्क बंदरासाठीच राखणारी विश्वस्त रचना हेही तिचे कारण होते. लहान बंदरांचा पैसा तीन खात्यांत विभागला गेला आणि त्यांना अशी रचना लाभली नाही.

३. १९०८ च्या कायद्यातील प्रत्येक बंदराच्या स्वतंत्र खात्याचे तत्त्व मौलिक होते. तो कायदा २०२५ साली नव्या भारतीय बंदर कायद्याने रद्द झाला. तरीही ते तत्त्व धक्क्यागणिक जमाखर्च प्रसिद्ध करण्याच्या रूपाने जिवंत ठेवता येईल. गरीब धक्क्यांसाठी सामायिक निधी जरूर असावा. पण तो स्वतंत्र हिशेबाच्या जोडीने असावा, त्याच्या जागी नव्हे.

४. आज्ञापत्रातील इशारा आजही लागू आहे. शुल्क वसूल करणाऱ्याचा निर्वाह त्याच शुल्कावर सोडल्यास वापरणारा नागविला जातो. म्हणून वसुली करणारा, खर्च ठरविणारा आणि हिशेब तपासणारा हे वेगळे असावेत आणि खर्च ठरविताना स्थानिक ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि नियमित उतारू यांना स्थान असावे.

अलीकडे किनारी वाहतुकीसाठी निधीची कमतरता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१५ पासून केंद्राच्या सागरमाला कार्यक्रमामुळे बंदरविकासाला गती मिळाली आहे. मुंबईत गेटवेजवळ रेडिओ क्लबलगत सुमारे २२९ कोटी रुपयांच्या नव्या प्रवासी जेटीच्या कामाचा प्रारंभ मार्च २०२५ मध्ये झाला. त्याविरुद्ध रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अटींसह काम पुढे नेण्यास अनुमती दिली. अशा प्रकल्पांच्या वेळी जागा, खर्च आणि सौंदर्य यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु इतिहासाचा अभ्यासक त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालील. उद्घाटनानंतरच्या दहाव्या पावसाळ्यात या पायऱ्यांवरील शेवाळ कोण काढणार आणि त्याचा पैसा कोणत्या खात्यातून येणार? या प्रश्नाचे उत्तर आराखड्यातच लिहिलेले असेल, तर तो धक्का खऱ्या अर्थाने सार्वजनिक ठरेल.